गाडी सोडण्याआधी विचारायचा प्रश्न

नव्या पार्कात मला रोलर कोस्टर चालवायच्या कामावर घेतलं, हे घरी सांगितलं तेव्हा बायको चुलीपुढे भाकरी थापत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "मंग त्यात पयले कोण बसन?"

"पयले मशीनवाले. मंग पब्लिक."

"अन् मशीनवाल्यायच्या घरचे?"

माय बाजूला तूर निवडत होती. ती म्हणाली, "हिले पयलेपासून हवेत उडाची हौस हाये." बायको हसली.

ते खरंच होतं. तिचं माहेर मेडशीचं. लहानपणी अकोल्याला जाताना एसटी पातूरच्या घाटात वळली की बाकीच्या बाया पदर तोंडाला लावून बसायच्या आणि ही ड्रायव्हरच्या मागची दांडी धरून उभी राहायची, असं तिची आई सांगायची. जत्रेतला आकाशपाळणा वर जाऊन थांबला की मी डोळे मिटून घ्यायचो. ती मात्र खाली बोट दाखवून सांगायची, ते पाहा आपल्या चपला ठेवलेलं दुकान.

मी आयटीआयमध्ये वायरमनचं शिकलेलो. शेलूबाजारात एका दुकानात विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी नव्या तारेनं भरून द्यायचं काम करायचो. घरी थोडी कोरडवाहू जमीन, माय, बायको आणि मी. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंकडे आमच्या चकरा चालू होत्या. पहिल्या काही वर्षांत गावातल्या बाया विचारायच्या. पुढे त्यांनी विचारणं सोडलं, आणि बायकोला तेच जास्त लागायचं.

पार्क आमच्या गावापासून मोटारसायकलवर थोडक्या अंतरावर, मोठ्या रस्त्याला लागून होत होता. आधी तिथं सोयाबीन असायचं. मोठमोठ्या ट्रेलरवरून निळे, वाकडे रूळ आले. क्रेननं ते एकाला एक जोडत वर नेले, आणि बघता बघता तो सांगाडा आमच्या घराच्या दारातून दिसायला लागला. आमच्याकडे तोवर उंच म्हणजे मोबाइलचा टॉवर. संध्याकाळी माणसं बांधावर उभी राहून बघायची. उलटं झाल्यावर माणूस खाली पडत कसा नाही, यावर पारावर रोज वाद. कोणी म्हणे चुंबक आहे, कोणी म्हणे पट्ट्यानं बांधतात. शाळेतली पोरं एकामागे एक बसून हात वर करायची आणि ओरडायची. बायकोही धुणं वाळत घालता घालता तिकडे बघत राहायची.

आम्हाला शिकवायला बाहेरून एक साहेब आले होते. हिंदी बोलायचे. वयस्कर, शांत माणूस. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला गाडीत बसवलंच नाही, रुळाखालून चालवत फिरवलं. प्रत्येक नटावर त्यांनी पिवळ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवली होती. अर्धी नटावर, अर्धी पत्र्यावर. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. रोज सकाळी सगळ्या रेघा बघायच्या, मगच रिकामी गाडी फिरवायची. गाडीला वर ओढणारी साखळी, तिच्याशेजारचे खटके, जागोजागचे सेन्सर, सगळं त्यांनी हाताला धरून दाखवलं. चढावर खट खट आवाज येतो त्याला लोक घाबरतात, पण तो आवाज म्हणजे गाडी मागे येऊ न देणारा खटका, असं ते म्हणाले. आवाज आला नाही तर घाबरायचं.

हे सगळं मी संध्याकाळी घरी येऊन सांगायचो. बायको नुसतं ऐकायची नाही, उलटतपासणी घ्यायची.

"लाइट गेली त?"

आमच्या भागात हा प्रश्न कोणालाही पडेल. मी तिला सांगितलं, याचा ब्रेक उलटा असतो. हवेच्या दाबानं तो उघडा धरून ठेवलेला असतो. लाइट गेली, हवा गेली, की तो आपोआप आवळतो. गाडी तिथल्या तिथं थांबते.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "म्हंजे काई बिघडलं त थांबते. बरं हाये."

"अन् दोघायनं बटन दाबल्याशिवाय सुटत नाई. एक बटन माह्या हातात, एक फलाटाच्या त्या टोकाले. दोघायनंबी सगळ्यायचे दांडे पाह्यले पायजे, मंगच."

"दांडे कायचे?"

"मांडीवर येते तो. खाली वढला का खट खट करत बसते. मंग बसलेल्याले तो उघडता येत नाई."

चाचणीसाठी प्लास्टिकचे पुतळे आले. बिनडोक्याचे, नुसती धडं आणि मांड्या. त्यांच्यात पाणी भरून त्यांना सीटवर बसवायचं, वर दांडा लावायचा आणि गाडी सोडायची. दिवसभर ते फिरत राहायचे. बायकोनं त्यांचं नाव ठेवलं पाण्याचे पाव्हणे. मी घरी आलो की विचारायची, "आज पाव्हणे बरे होते का?" एकदा एका पुतळ्याचं झाकण उघडलं आणि उतारावर सगळीकडे पाणी उडालं, तेव्हा ती इतकी हसली की मायही हसायला लागली.

त्याच सुमारास तिला दिवस गेले.

अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. आम्ही दोघं बाहेर येऊन रसवंतीवर बसलो. तिनं रसाचा ग्लास दोन्ही हातांनी धरला होता आणि पीत नव्हती. परतीच्या एसटीत ती पहिल्यांदाच मागे, खिडकीपाशी बसली. घाट येईपर्यंत तिला झोप लागली होती. माय म्हणाली, सध्या कोणाला सांगू नका. आम्ही कोणाला सांगितलं नाही.

पार्क उघडण्याआधी एक दिवस आम्हा काम करणाऱ्यांच्या घरच्यांसाठी ठेवला होता. साहेबांनी आमच्याकडून शेवटची उजळणी करून घेतली. पोरांची उंची पट्टीला लावून बघायची. खिशातलं सगळं बाहेर काढायला लावायचं. हृदयाचा त्रास, बीपी, पाठीचं ऑपरेशन विचारायचं. आणि बायांना दिवस गेलेत का, हे विचारायचं. हा प्रश्न आम्ही लाजून गुळमुळीत विचारायचो म्हणून त्यांनी तो आमच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतला. जवळ जाऊन, हळू आवाजात, पण प्रत्येकीला विचारायचं. लोकांसमोर बाई सांगणार नाही, सासरची माणसं सोबत असतील तर नाहीच नाही. न सांगता बसली तर झटका पोटाला बसतो, आणि दांडाही.

त्या दिवशी गावातल्या बऱ्याच बाया आल्या होत्या. बायको पोपटी साडी नेसून आली आणि सरळ रांगेत उभी राहिली. मला वाटलं, गंमत बघायला उभी असेल. पण रांग पुढे सरकत गेली आणि ती माझ्यासमोर आली. साहेब माझ्या मागेच उभे होते.

"तू काहून उभी हाय व?" मी हळूच म्हणालो.

"तुमी तुमचं काम करा."

मी तिच्याकडे बघितलं. ती वाट बघत होती. मग मला कळलं. बाकीच्यांना विचारत होतो तसंच मी विचारलं, "ताई, दिवस गेले हायेत का?"

"हो," ती म्हणाली. चांगलं मोठ्यानं म्हणाली. "गेले हायेत."

मागच्या बाया सगळ्या एकदम बोलायला लागल्या. कोणीतरी तिच्या गालावरून हात फिरवला. साहेबांना उशिरा समजलं. त्यांनी हात जोडले आणि न बसणाऱ्यांसाठी बाजूला जी वाट ठेवली होती ती तिला दाखवली. इतक्या वर्षांत तिनं हा 'हो' कोणासमोर उच्चारला नव्हता, आणि पहिल्यांदा उच्चारला तो मलाच उत्तर म्हणून. खाली लिंबाच्या सावलीतल्या बाकावर ती दिवसभर बसून होती. बसणाऱ्या बायांच्या पर्सा, चष्मे, बांगड्या सगळं तिच्या मांडीवर. प्रत्येक गाडी खाली आली की ती हात हलवायची.

घरी जाताना माझ्या मागे बसून म्हणाली, "पोट्टं झालं का मंग बसीन मी. तवर गाडी चांगली ठेवजा."

पुढचे महिने चांगले गेले. पार्क जोरात चालला. हिंगोलीकडून, यवतमाळकडून गाड्या भरून लोक यायचे. पट्टीला डोकं लागावं म्हणून पोरं चपलेत कागद कोंबून यायची. साहेब दुसऱ्या गावी निघून गेले. फलाटाच्या दुसऱ्या टोकाला माझ्यासोबत मंगरूळची एक बाई होती, माझ्याच वयाची, दोन लेकरांची आई. मला भाऊ म्हणायची. बायको कधी दुपारी कोणाच्या तरी ऑटोत बसून डबा घेऊन आली की त्या दोघी बाकावर बसून बोलायच्या. गाडी खडखडत वरून गेली की पोटात हालचाल होते, असं बायको सांगायची. तिचा हात नेहमी पोटावर एकाच ठिकाणी असायचा.

सातवा महिना चालू होता. एक दिवस सकाळी ती म्हणाली, "कालपासून गपच हाये." मायनं तिला गूळपाणी दिलं, डाव्या कुशीवर झोपवलं. दुपारी आम्ही वाशीमला दवाखान्यात गेलो. सोनोग्राफी करणाऱ्या बाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवून घेतला. बराच वेळ त्या पोटावरून मशीन फिरवत राहिल्या. मग त्यांनी मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. मला बाहेर थांबायला सांगितलं. दार लोटलेलं होतं, पण बायकोचा आवाज मला ऐकू आला. ती डॉक्टरांना विचारत होती, "पुन्ना पाहा ना. एकदा पुन्ना पाहा."

कोणाची काही चूक नव्हती. असं होतं कधी कधी, कारण सापडत नाही, असं डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. बाळंतपण तर व्हायचंच होतं. कळा आणण्याची औषधं दिली. पूर्ण एक रात्र आणि अर्धा दिवस तिनं कळा सोसल्या, शेजारच्या खाटेवरच्या बाईसारख्याच. त्या बाईचं बाळ रडलं. आमची मुलगी होती. सगळं जागच्या जागी होतं. नखं होती, भुवया होत्या. नर्सनं कापडात गुंडाळून तिला आणलं तेव्हा बायको म्हणाली, "मले द्या." मायनं डोळ्यांनी नर्सला नको म्हणून खुणावलं. नर्सनं मायकडे बघितलं, बायकोकडे बघितलं आणि बाळ बायकोच्या हातात दिलं. तिनं तिचं कपाळ हुंगलं. थोड्या वेळानं मी ते कापड तिच्या हातातून घेतलं.

आमच्या शेताच्या बांधावर मी आणि माझा मामा, दोघांनी तिला मातीत ठेवलं. मामा खड्डा करत होता आणि मी तिला छातीशी धरून उभा होतो. ऊन होतं म्हणून मी दुपट्ट्यानं तिच्या तोंडावर सावली करत होतो.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी बायकोला दूध आलं. हे आम्हा कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मायनं जुनं धोतर फाडून तिची छाती बांधली. दोघीही एकमेकींकडे न बघता हे करत होत्या. ब्लाउज ओला व्हायचा, ती बदलायची, वाळत घालायची. ती रडत नव्हती. कारण ती रडायला लागली की माय छाती बडवून घ्यायची, मग तीच मायला पाणी द्यायची आणि समजूत काढायची. तिची आई येऊन तिला मेडशीला घेऊन गेली.

मी कामावर परत गेलो. पहिल्याच फेरीत एक नवी नवरी आली, हातात हिरवा चुडा. मी जवळ जाऊन विचारलं, "ताई, दिवस..." आणि पुढचा शब्द निघेना. ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नवऱ्याला वाटलं मी काही भलतंच बोललो. मंगरूळची बाई तिकडून धावत आली, तिनं त्या मुलीला बाजूला घेऊन विचारलं, परत येऊन दांडे बघितले. गाडी गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "भाऊ, बायांले मी इचारत जाईन. तुमी माणसं अन् लेकरं पाहा." त्या दिवसापासून ते तसंच चाललं. वर कोणाला तिनं सांगितलं नाही, मीही नाही. कधीमधी एखादी बाई लाजून हो म्हणायची आणि बाजूच्या वाटेनं खाली उतरायची. मी तिच्या पाठीकडे बघत राहायचो, पायऱ्या नीट उतरते का म्हणून.

पावसाळा सरला तेव्हा बायको मेडशीहून परत आली. वाळली होती. घरातलं, शेतातलं सगळं काम करायची, मी बोललो तर उत्तर द्यायची. एकदा मी म्हणालो, डॉक्टरीणबाईंना परत भेटू या. ती म्हणाली, "पाहू." अंथरुणावर ती भिंतीकडे तोंड करून झोपायची. तिच्या पाठीवर हात ठेवला तर ती तो काढायची नाही, पण वळायचीही नाही.

मग एक दिवस, मंगळवार किंवा बुधवार असेल, पार्कात गर्दी नव्हती, आणि मला ती रांगेत दिसली. रोजची सुती साडी. सोबत कोणी नाही. माझा डबा सकाळी मी घेऊनच आलो होतो.

मंगरूळच्या बाईनं तिला ओळखलं आणि ती जागेवरच थांबली. मी जवळ गेलो. काही न विचारता मी नुसतं फाटक उघडलं.

"इचारा ना," ती म्हणाली.

"बस तू. पयल्या डब्यात बस."

"सगळ्यायले इचारता. मले काहून नाई?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. मागे दोन-तीन पोरं उभी होती. मी इकडेतिकडे बघितलं. मग विचारलं. तेच शब्द, त्याच क्रमानं.

"नाई," ती म्हणाली.

ती पहिल्या डब्यात जाऊन बसली. चपला तिनं आधीच काढल्या होत्या. मी दांडा खाली ओढला. तो खट खट करत उतरला, आणि मला वाटलं त्याहून आणखी खाली गेला, पार तिच्या मांडीला टेकला. मध्ये काहीच नव्हतं. नियमाप्रमाणे मी तो वर खेचून बघितला. पक्का होता. तिनं दोन्ही हात त्याच्यावर ठेवले. मी पॅनलपाशी गेलो. पलीकडून मंगरूळच्या बाईनं तिचं बटन दाबून धरलं होतं आणि ती माझी वाट बघत होती. ती जर तेव्हा माझ्याकडे बघून मानेनं हो म्हणाली नसती, तर माझ्यानं माझं बटन दाबलं गेलं नसतं.

गाडी चढावर गेली. तिचं डोकं मला खालून दिसत होतं, सरळ. मग गाडी पलीकडच्या उतारावर सुटली आणि पोरांच्या आरडाओरड्यात मला एक आवाज वेगळा ऐकू आला. तो मी कधी ऐकला नव्हता. दवाखान्यातही नाही. गाडी वळून परत येईपर्यंत तो चालूच होता.

फलाटावर गाडी थांबली. केस सुटले होते, तोंड सगळं ओलं. मागची पोरं हसत हसत उतरली. दांडा उघडला तरी ती उठली नाही.

"अजून एकदा," ती म्हणाली.

तिला त्या दिवशी मी तीनदा सोडलं. मग ती उतरली, तोंड धुतलं आणि माझं काम संपेपर्यंत बाकावर बसून राहिली. मंगरूळची बाई थोडा वेळ तिच्याशेजारी जाऊन बसली.

ऊन उतरल्यावर आम्ही मोटारसायकलवर निघालो. गाव यायच्या आधी ती मागून म्हणाली, "तठी सगळेच वरडतात. आपण काहून वरडून राह्यलो, कोणी इचारत नाई."

मी हो म्हणालो. घरी तिला रडायला जागा नव्हती, हे मला तेव्हा समजलं.

थोडं पुढे गेल्यावर तिनं विचारलं, "कोठी ठेवली तिले?"

मायनं मला बजावून ठेवलं होतं की ही जागा तिला दाखवायची नाही, बाईमाणूस तिथं जात नाही, पुढच्या लेकराला बाधतं. आणि तिनंही इतक्या दिवसांत कधी विचारलं नव्हतं. मी गाडी शेताच्या वाटेला वळवली. तूर कमरेएवढी झाली होती. बांधावर पळसापाशी मी थांबलो. पावसानं माती बसून गेली होती, गवत आलं होतं. मलाही नेमकी जागा ओळखायला वेळ लागला. आम्ही तिथं ठेवलेले दगड गवतात गेले होते.

तिनं वाकून हातानं गवत बाजूला केलं.

"डोकं कोणीकडे हाये?"

मी दाखवलं. त्या बाजूला ती बसली, मांडी घालून. मीही बसलो. दिवस मावळायला थोडाच वेळ होता. ती म्हणाली, "तिचं कपाळ तुमच्यावानी होतं." मी बघितलं नव्हतं तेवढं. मी तर सावली करत होतो. ते तिला सांगता सांगता मला रडू फुटलं, आणि तिनं माझं डोकं धरलं.

त्यानंतर ती पार्कात आणखी काही वेळा आली. मग तिनं येणं थांबवलं. मला सकाळच्या तपासणीवर बदली मिळाली आहे. आता मी लोक यायच्या आधी रुळाखालून फिरतो, पिवळ्या रेघा बघतो, रिकामी गाडी फिरवून देतो आणि दुपारी घरी येतो. अकोल्याला आम्ही परत गेलो नाही. डॉक्टर म्हणाले होते, पुढं काही अडचण नाही. ती म्हणते, माझी हिंमत नाही, आणि मी तिला जोर करत नाही. मायनं आता तो विषय सोडला आहे. शेतात निंदण असलं की बायको पळसाकडच्या तासावर, त्या कडेच्या ओळीत, स्वतः बसते, बाकीच्या बायांना तिथं येऊ देत नाही. तिथलं गवत ती विळ्यानं काढत नाही, हातानं उपटते.